ब्रिटिश लायब्ररीतल्या संदर्भ ग्रंथपाल बाई आणि आमच्या देव्हाऱ्यातला बिल्ला

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी, देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी एक गोल बिल्ला आहे. साधारण अर्ध्या वितीएवढा, चांगला जड, रंगाने जुन्या समईसारखा. त्यावर एक बाई उभी आहे, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. माझ्या आजीला तिच्या सासूने सांगितलं की ही अंबाबाई, आणि आजीने शंभर वर्षांची ती रीत पुढे चालवली. दर शुक्रवारी हळद-कुंकू. बाईच्या हाताखाली एका चौकटीत इंग्रजीत एक नाव उठावाच्या अक्षरांत आहे, त्या अक्षरांच्या मधल्या खाचांत कुंकू इतकं बसलंय की आता ते पुसूनही निघत नाही.

नाव माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाचं. ते पहिल्या महायुद्धात इराकमधल्या बसऱ्याकडे गेले आणि परत आले नाहीत. घरात एवढंच माहीत होतं.

आजी आता चौऱ्याण्णव वर्षांची आहे. मागच्या दिवाळीला फोनवर म्हणाली, "सर्वपित्रीला समद्यांसंगं त्येंचंबी पान वाढतो. पर त्येंची अशी तिथी न्हाय गं बाळा. तू तिकडं सायबाच्या मुलखात हाईस. बघ की कुटं लिवून ठिवलंय का." मी लंडनमध्ये क्रॉयडनला नर्स आहे. कागदपत्रांतलं मला काही कळत नाही. पण आजीने आजवर माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं.

त्यानंतरचे पाच महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते. एका संकेतस्थळावर पैसे भरले. तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बाप्तिस्मे आणि लग्नं ढिगाने मिळाली, शिपाई एकही नाही. एका कार्यालयाला दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. वॉर्डात माझ्याबरोबर काम करणारी एक वयस्क नर्स म्हणाली, "तू यंत्रांना विचारते आहेस. माणसाला विचार. ब्रिटिश लायब्ररीत वर जाऊन टेबलापाशी बसलेल्या माणसाला." म्हणून हा अभिप्राय इमारतीबद्दल किंवा पुस्तकांबद्दल नाही. तो त्या टेबलामागच्या सेवेबद्दल आहे. आपल्यातल्या फार लोकांना ती फुकट मिळते हेच माहीत नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लायब्ररी सेंट पँक्रस स्टेशनच्या शेजारीच. वाचक म्हणून पास काढावा लागतो. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा दाखवला की तो मोफत मिळतो. कोट, पिशवी खाली लॉकरमध्ये ठेवायची, लागणारं सामान पारदर्शक पिशवीत घ्यायचं, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. तिसऱ्या मजल्यावर एशियन अँड आफ्रिकन स्टडीज रीडिंग रूम आहे. ईस्ट इंडिया कंपनीपासून १९४७ पर्यंतचं इंडिया ऑफिसचं, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या खात्याचं, सगळं दप्तर इथे वाचायला मिळतं. नुसत्या फडताळांची लांबी मोजली तर चौदा किलोमीटर. दारातून आत गेले तेव्हा माझ्या मनात एकच होतं, एवढ्या चौदा किलोमीटरांत आमचा माणूस कुठेतरी असणारच.

टेबलापाशी साठीच्या एक बाई होत्या. मी घरून पाठ करून गेले होते तसं बोलले, "१९१४ ते १९१८ मधल्या भारतीय शिपायांच्या सेवा-नोंदी बघायच्या आहेत." शिवाय इंटरनेटवरून उतरवून घेतलेले चार फायलींचे क्रमांकही पुढे केले.

त्यांनी क्रमांकांचा कागद हातात घेतला, पण बाजूला ठेवला. म्हणाल्या, "हे आपण नंतर बघू. आधी तुमच्याजवळ काय आहे ते सांगा."

इथे मला माझंच काम आठवलं. पेशंट येतो तो म्हणतो पोट दुखतंय, आणि दुखणं असतं छातीत. चांगली नर्स पोटाच्या गोळीकडे हात नेत नाही, आधी दोन प्रश्न विचारते. त्या बाईंनी मला तसेच विचारले, घाई न करता. नाव काय? ते कुणी सांगितलं, तोंडी की लेखी? गाव कुठलं? घरात एखादा कागद, पदक, फोटो? मी फोनवरचा बिल्ल्याचा फोटो दाखवला.

त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि क्षणात ओळखला. हे युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारने पाठवलेलं स्मृतिपदक. अशी तेरा लाखांहून जास्त काढली. ती बाई म्हणजे ब्रिटानिया. कडेने लिहिलंय त्याचा अर्थ, हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला. मग त्या म्हणाल्या, "यावर हुद्दा, नंबर, पलटण काही नसतं. मुद्दामच ठेवलं नाही, सगळे सारखे दिसावेत म्हणून. पण त्यामुळे शोधणाऱ्याचं काम अवघड होतं." थोडं थांबून त्यांनी हळूच विचारलं, "हा लाल रंग कशाचा आहे, विचारलं तर चालेल?"

मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण फोन परत देताना दोन्ही हातांनी दिला.

नंतर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून माझं मन आधी खट्टू झालं. साध्या शिपायाची वैयक्तिक सेवा-फाइल या दप्तरात नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची जी मोठी रजिस्टरं आहेत ती मुख्यतः युरोपीय लोकांची. मी आणलेले चार क्रमांक होते फ्रान्समधल्या भारतीय शिपायांच्या पत्रांवरच्या सेन्सॉरच्या अहवालांचे. "ते फ्रान्सला गेले होते का?" नाही, बसऱ्याला. "मग यात तुमचा दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही." लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या शिपायांच्या रजिस्टरांची बातमी मी २०२१ मध्ये वाचली होती, ती विचारली. बाई म्हणाल्या, त्यांत सव्वातीन लाखांच्या आसपास नावं आहेत, पण पंजाबची. साताऱ्याचा माणूस त्यात नसणार.

पाच महिन्यांत मला "नाही" असं स्पष्ट कुणी म्हटलंच नव्हतं. संकेतस्थळ म्हणत राहिलं अजून पैसे भरा, अजून निकाल आहेत. या बाईंनी दहा मिनिटांत चार दारं बंद केली, प्रत्येक दार का बंद आहे ते समजावून. माझ्या दृष्टीने या सेवेची अर्धी किंमत इथेच वसूल झाली.

मग त्यांनी विचारलं, "उत्तर मिळालं तर त्याचं तुम्ही काय करणार आहात?"

हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी सांगितलं, आजीला तिथी हवी आहे. तिथी म्हणजे काय ते सांगायला जरा वेळ लागला. चंद्राच्या गतीवर चालणारा महिना, गेलेल्या माणसाला त्या ठरावीक दिवशी वाढायचं पान, आणि दिवस माहीत नसेल तर सगळ्यांबरोबर अमावास्येला. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला सेवा-नोंद नकोच आहे. तुम्हाला एक तारीख हवी आहे. तारखेची जागा वेगळी."

ती जागा लायब्ररीच्या बाहेर होती. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था, तिची यादी, इंटरनेटवर सगळ्यांना खुली. मी ती आधी दोनदा पाहिली होती आणि काही मिळालं नव्हतं. बाई म्हणाल्या, "तुम्ही नाव कसं लिहिलंत?" जसं आपण आज लिहितो तसं. त्यांचं नाव 'ज्ञ'ने सुरू होतं. बिल्ल्यावर मात्र पहिली अक्षरं आहेत जी-ए-एन, आणि त्यावरून आमच्या घरात वादही झालेले आहेत. चुलत भाऊ म्हणायचा हा दुसराच कुणी गणू, पोस्टमनने चुकून आपल्याकडे टाकला.

बाईंनी पेन्सिल उचलली. "मला म्हणून दाखवा. सावकाश. भरती करणाऱ्या कारकुनाला जसं ऐकू आलं असेल तसं." मी म्हटलं. त्यांनी ऐकून जे लिहिलं ते चार प्रकारे. डी-एन, जी-एन, जी-वाय, एन-वाय. गावाचं नावही असंच म्हणायला लावलं. आमच्या गावाच्या नावात 'ळ' आहे. त्या दोनदा ऐकून म्हणाल्या, हा आवाज आमच्या लिपीत नाही, कुणी एल लिहिला असेल, कुणी आर. आता शोधताना त्यांनी नाव टाकलंच नाही. भारतीय सैन्य, १९१४ ते १९२१, आणि जादा माहितीच्या रकान्यात फक्त सातारा. या यादीत पुष्कळ भारतीय शिपायांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, जिल्हा असतो हे मला माहीत नव्हतं. मग आडनावाच्या एकेक रूपाने चाळायला सुरुवात केली. स्क्रीन माझ्याकडे वळवून ठेवला होता. त्या इंग्रजी वाचत होत्या, मी मनात मराठी करत होते.

तिसऱ्या रूपाला मिळाले. नाव जी-ए-एनने सुरू होणारं, बिल्ल्यावरच्यासारखंच. बापाचं नाव म्हणजे माझ्या खापरपणजोबांचं, अगदी बरोबर. गावातला 'ळ' आर झालेला. पलटण, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री. तारीख, २० जुलै १९१६.

मला तिथे रडू आलं. बाईंनी टेबलावरचा पाण्याचा नियम आठवून मला बाहेरच्या बाकावर नेलं आणि पाणी दिलं. रीडिंग रूममध्ये पाणी चालत नाही.

परत आल्यावर त्यांनी लगेच एक सावधगिरीची गोष्ट सांगितली, आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. ११० वी पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती, १०३ वी आणि ११७ वी या आपल्या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमध्ये. हे सगळे टायग्रिसकाठच्या कुत अल अमारा गावात ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार जण तुर्कांच्या ताब्यात गेले. जुलैमधला मृत्यू म्हणजे बहुधा कैदेतला. "कैदेतल्या माणसाची तारीख कागदावर असते ती नोंद करणाऱ्याला कळलेली तारीख. ती खरीच असेल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. आजींना हेही सांगा." मी सांगितलं. आजी म्हणाली, "सरकारानं लिवलंय त्ये धरायचं. इतकी वरसं त्येबी नव्हतं."

त्या दुपारी बाईंनी मला कुतच्या वेढ्यावरची दोन पुस्तकं मागवून दिली. फेसाच्या उशीवर पुस्तक ठेवून पानं कशी उलटायची तेही दाखवलं. मी नर्स म्हणून वाचत होते. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं, पण त्यांचं पीठ पांढरं, त्यांना बेरीबेरी झाला. आपल्या शिपायांना कोंड्यासकट पीठ मिळत होतं म्हणून ते त्यातून वाचले. पण पुष्कळांनी धर्मासाठी घोड्याचं मांस नाकारलं, आणि भाजी नाही, फळ नाही, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, माणूस उभा राहू शकत नाही. आमचं घर माळकरी आहे. आजही घरात अंडं येत नाही. थोरल्या पणजोबांनी काय केलं असेल हे कुठल्याच कागदात नाही, पण मला ते तिथे बसल्या जागी कळल्यासारखं झालं. आणि अशा अवस्थेतल्या माणसांना पुढे वाळवंटातून चालवत नेलं, त्यातल्या कित्येकांना सीरियातल्या रास अल ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं.

एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. बसरा स्मारकावर त्यांची नोंद आहे, पण त्यांचं नाव तिथे दगडावर नाही. तिथे गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या भारतीय शिपायांची पलटणीगणिक फक्त संख्या. २०२१ मध्ये वॉर ग्रेव्हज कमिशनने स्वतःच अहवाल काढून असा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. हे बाईंनी सांगितलं, आडपडदा न ठेवता. आमच्या गावच्या चावडीवरही महायुद्धाचा संगमरवरी दगड आहे, साताऱ्यातल्या कितीतरी गावांत आहे तसा. या गावातून इतके गेले, इतके मेले. तिथेही संख्याच. म्हणजे जगात त्यांचं नाव धातूत उमटलेलं एकाच जागी आहे, आमच्या देव्हाऱ्यात, कुंकवाखाली. आजीने नकळत ते सांभाळलं.

निघताना बाईंनी एका चिठ्ठीवर पुढची ठिकाणं लिहून दिली. प्रत्येकापुढे तिथे काय विचारायचं तेही लिहिलं होतं, आणि ते माझ्या फार उपयोगी पडलं. लंडनमधल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये पलटणींच्या युद्ध-डायऱ्या, मालिका डब्ल्यूओ ९५, तिथे व्यक्तीचं नाव नाही तर पलटण आणि महिना सांगायचा. जिनिव्हाच्या रेड क्रॉसचं युद्धकैद्यांचं दप्तर इंटरनेटवर आहे, तिथे नावाची चारही रूपं टाकायची. विधवेच्या पेन्शनचा किंवा जमिनीचा माग हवा असेल तर तो लंडनमध्ये नाही. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, त्यांना आणि जिल्ह्याच्या कचेरीला विचारायचं. लंडनच्या बाईंनी मला मुंबईचा पत्ता दिला!

मी साताऱ्यात शिकले तेव्हा ग्रंथालय म्हणजे एक जाळीची खिडकी होती. पुस्तकाचं नाव आणि क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्यायचा, पुस्तक यायचं किंवा "गेलंय" असं उत्तर यायचं. नाव माहीत नसेल तर काय विचारायचं हेच आम्हाला कधी कळलं नाही. म्हणून आपली माणसं, शिकलेलीसुद्धा, संदर्भाच्या टेबलापाशी जायला बिचकतात. आपल्याला नीट प्रश्न विचारता येत नाही याची लाज वाटते. माझा अनुभव असा की प्रश्न नीट करून देणं हेच त्या माणसाचं काम आहे. तुम्ही अर्धवट, गोंधळलेला, घरगुती प्रश्न घेऊन गेलात तरी चालतं. फक्त खरा प्रश्न घेऊन जा. मी आधीच "तिथी हवी आहे" म्हटलं असतं तर आणखी अर्धा तास वाचला असता.

जाताना घरातल्या वस्तूंचे फोटो दोन्ही बाजूंनी काढून न्या. नावं तोंडी जशी म्हणतात तशी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून ऐकून घ्या, जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून. आधी कुठे कुठे शोधलं ते लिहून न्या, म्हणजे तेच पुन्हा होत नाही. ते तुमचं संशोधन करून देत नाहीत, हेही लक्षात असू द्या. वाट दाखवतात, चालायचं आपण. लंडनला येणं शक्य नसेल तर ईमेलने विचारता येतं. आणि लंडनच कशाला, मुंबईत नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे, मराठी पुस्तकांबद्दल आणि जुन्या नियतकालिकांबद्दल काही हवं असेल तर पहिल्यांदा तिथे जाऊन माणसाशी बोला.

गुण द्यायचे तर पाचपैकी पाच. यात मी काहीही राखून ठेवत नाही.

२० जुलै १९१६ म्हणजे शके १८३८, आषाढ वद्य षष्ठी. गुरुजींनी जुन्या पंचांगावरून काढून दिली. या वर्षी आषाढात आजीने पहिल्यांदा फक्त त्यांचं पान वाढलं. वरण-भात, अळूचं फदफदं, आणि लिंबाची मोठी फोड. स्कर्व्हीचं मी तिला सांगितलं होतं. लिंबू तिने स्वतःच्या मनाने ठेवलं. मी व्हिडिओवर पाहत होते. पान बाहेर ठेवून आल्यावर ती म्हणाली, "त्या बाईस्नी कळीवलंस का?"

कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. दोन ओळी आजीसाठी, आणि खाली एक कामाची गोष्ट. यादीतलं गावाचं चुकलेलं नाव दुरुस्त करता येतं, पुरावा जोडून कमिशनला अर्ज करायचा. अर्ज भरून ठेवलाय. घरी आप्पांना सांगितलंय, बिल्ला देव्हाऱ्यातून काढून मागच्या बाजूचाही फोटो पाठवा, कुंकू मात्र पुसू नका.